तम्राच्या कपाळावरची मेंदी

कापसाचा बोळा नारिंगी निघाला.

मी दुसरा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवून पिळला आणि शेळीच्या कपाळावर पुन्हा फिरवला. तोही नारिंगी. शेळीने मान झटकली आणि शांतपणे माझ्या ॲप्रनचा बंद चघळायला घेतला. तिची दहा वर्षांची मालकीण, हिस्सा नाव तिचं, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"दक्तूरा, ऑल ओके?"

कसलं डोंबलाचं ओके!

मी गुरांची डॉक्टर. माहेर आटपाडीचं, म्हणजे शेळ्या-मेंढ्या काही मला नव्या नाहीत. नवरा गॅस कंपनीत, म्हणून दोहाला आले. "वाळवंटात तुला कोण काम देणार?" असं म्हणणाऱ्या समस्त नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून शहराबाहेरच्या एका क्लिनिकमध्ये लागले. इथल्या लोकांचा जनावरांवर किती जीव असतो, ते बाहेरून आलेल्याला लवकर कळत नाही. आठवडाभर लुसैलच्या टॉवरमध्ये मीटिंगा करणारा माणूस सुट्टीला वाळवंटातल्या आपल्या इज्ब्यावर, म्हणजे जनावरांच्या वाड्यावर जातो आणि बुटातली वाळू झाडत झाडत शेळ्यांना नावाने हाका मारतो. मला हे फार आवडतं. आमच्याकडचीच माणसं वाटतात.

हिवाळ्यात इथे जनावरांची प्रदर्शनं भरतात. त्यात शामी जातीच्या शेळ्यांची सौंदर्यस्पर्धा असते. हसू नका. लांब लोंबते कान, पोपटासारखं बाकदार नाक आणि तांबूस अंग असलं की शेळी देखणी. माझ्या लेकीने, रेवाने, पहिल्यांदा शामी शेळी पाहिली तेव्हा विचारलं होतं, "आई, व्हॉट हॅपन्ड टू हर फेस?" तिला तिथेच गप्प केलं. शेजारी मालक उभा होता.

आता जिथे सौंदर्यस्पर्धा तिथे लबाडी आलीच. कोणी नाकात इंजेक्शन देऊन ते फुगवतं, कोणी कान ओढून ओढून लांब करतं, कोणी केस रंगवतं. म्हणून रिंगमध्ये, म्हणजे पंचांसमोरच्या गोल आखाड्यात जायच्या आधी प्रत्येक जनावर आम्हा डॉक्टरांच्या हाताखालून जातं. दात बघून वय ठरवायचं, कानातला बिल्ला तपासायचा, नाक चाचपायचं आणि ओला बोळा अंगावर फिरवायचा. बोळा पांढरा राहिला तर पुढे. रंगला तर घरी. नुसतं घरी नाही, त्या मालकाला पुढची काही वर्षं प्रवेशच बंद.

लहान मुलांच्या गटाचे नियम तर आणखी कडक. त्यालाही कारण आहे. पूर्वी शेळी सांभाळायची नोकरांनी, रिंगमध्ये ओढायची नोकरांनी आणि मुलाने फक्त फोटोपुरतं बक्षिसाची फीत धरून उभं राहायचं. त्यावर आयोजकांनी कडक नियम केला. शेळी मुलाने स्वतः सांभाळलेली हवी. एकदा चेक-इनच्या दारातून आत आली की मोठ्या माणसाने तिला हातसुद्धा लावायचा नाही. मदत लागलीच तर फक्त दुसऱ्या स्पर्धक मुलाची घ्यायची. तपासणीपुरती आम्हा डॉक्टरांना तेवढी सूट.

तर हिस्साच्या शेळीचं नाव तम्रा. तम्रा म्हणजे खजूर. रंग अगदी तसाच. ही माझी जुनी पेशंट. करडू असताना तिने तारेच्या कुंपणात डोकं घातलं होतं आणि कपाळ चांगलंच फाटलं होतं. टाके मी घातले. हिस्साने तेव्हा तिचं तोंड मांडीत धरून ठेवलं होतं आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले होते. आई मेलेलं करडू ते, बाटलीने दूध पाजून या पोरीने वाढवलं. जखम भरली, पण वणावर केस आले ते पांढरे. असं होतं जनावरात. तांबड्या कपाळावर बोटभर पांढरी रेघ राहिली.

आज ती रेघ दिसत नव्हती.

"हिस्सा, कपाळाला काय लावलंस?" आमचं बोलणं इंग्रजी-अरबीच्या खिचडीत चालतं, मी इथे मराठीत लिहिते.

"काही नाही."

"रंग लावलास?"

"नाही!" पोरगी दुखावलीच. "रंग लावायचा नाही, मला माहीत आहे. नियम मला पाठ आहेत."

"मग हे काय?" मी बोळा दाखवला.

तिने बोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम चेहरा खुलला. "हे होय! ही मेंदी आहे. काल आजीने लावली. मला लावली, मग तिलाही लावली." तिने दोन्ही तळवे माझ्यासमोर पसरले. ताजी, केशरी मेंदी. "रंग नाही, दक्तूरा. मेंदी!"

अगं बाई माझे. काय बोलणार यावर? आनंदाच्या ठिकाणी जायचं तर हातावर मेंदी हवी, हे त्या घरात कोणी कोणाला शिकवतही नसेल. आमच्याकडे बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतात. तिथे कोणी बोळा घेऊन आलं असतं तर माझ्या वडिलांनी त्याला गोठ्याबाहेर काढलं असतं. पण नियमात लिहिलं होतं, 'बाहेरून लावलेला कोणताही रंग'. आणि तो अगदी बरोबर त्या पांढऱ्या रेघेवर होता.

खरं सांगते, दोन्ही बोळे कचऱ्यात टाकून पांढरा बोळा हातात धरायचा मोह झाला. झालाच. कारण मला एक गोष्ट माहीत होती. हिस्साचे आजोबा गेल्यापासून इज्बा मोडायला काढला होता. बाकी सगळी जनावरं विकून झाली होती. तिच्या वडिलांना ऑफिसमधून मान वर करायला फुरसत नाही. उरली होती ती एकटी तम्रा. वडिलांनी लेकीला सांगितलं होतं, "तू एकटीने तिला रिंगमध्ये नेऊन पूर्ण वेळ उभी राहून दाखव. मग मी मानीन की तू तिला सांभाळू शकतेस. नाहीतर ईदच्या बाजारात तिलाही पाठवायची." हे मला हिस्सानेच मागच्या लसीकरणाला सांगितलं होतं, तम्राचे कान दोन्ही हातांनी झाकून.

फीत मिळो न मिळो. रिंगमध्ये उभं राहणं महत्त्वाचं होतं. आणि रंगलेला बोळा माझ्या हातात होता.

मोह फार वेळ टिकला नाही, कारण रांगेत मागेच अबू नासर उभे होते. म्हणजे नासरचे बाबा. नासर हा बारा वर्षांचा मुलगा, त्याचीही शेळी याच गटात. अबू नासर धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि आयोजकांत त्यांची ऊठबस. त्यांनी बोळा पाहिला होता.

"ऑब्जेक्शन," ते म्हणाले.

आमचे सीनियर डॉक्टर उस्मान धावत आले. सुदानचे, निवृत्तीला टेकलेले, अतिशय सज्जन आणि अतिशय घाबरट. त्यांनी मला तंबूच्या कोपऱ्यात नेलं.

"वैशाली, रंग सापडला. लिही आणि मोकळी हो."

"सर, मेंदी आहे. आजीने लावलीय."

"मेंदी रंग नाही का?"

"आहे."

"मग?"

"मग काय, सर? दहा वर्षांची पोर आहे. आणि ती शेळी माझी पेशंट आहे, हेही सांगून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की सांगितलं नाही."

"इथली प्रत्येक शेळी तुझी पेशंट आहे," सर वैतागून म्हणाले. "मोठ्यांच्या गटात कालच एकाला काढलंय. आज हिला सोडलं तर तो माझ्या उरावर बसेल."

यात त्यांचं चूक काही नव्हतं. तेवढ्यात अबू नासरही तिथे येऊन पोचले. मला वाटलं आता आयोजकांची नावं घेऊन दम देणार. पण ते जे बोलले ते मला लागलं.

"दक्तूरा, गेल्या वर्षी माझ्या मुलाने शेळीच्या डोळ्यांना सुरमा घातला होता. त्याची आई त्याला घालते, म्हणून त्याने शेळीला घातला. तेव्हा दुसरे डॉक्टर होते. त्यांनी त्याला काढलं. मी खूप खटपट केली तेव्हा कुठे बंदी उठली. पण तो घरी जाईपर्यंत गाडीत रडत होता. तेव्हा कोणी कोपऱ्यात जाऊन विचार केला नव्हता."

तोपर्यंत हा माणूस मला आडमुठा वाटत होता. आता नुसता बाप वाटायला लागला. आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एकाच्या पोराला एक न्याय आणि दुसऱ्याच्या पोरीला दुसरा, असं कसं चालेल?

मी बाहेर गेले. कठड्यापलीकडे हिस्साची आजी बसली होती. काळा अबाया, मांडीवर कॉफीचा थर्मास. तिला विचारलं, "मेंदी का लावलीत?"

"पोरगी नटवायची तर नीट नटवावी," आजी म्हणाली.

"वण झाकायला?"

"अर्थात! नटवताना मुलीच्या तोंडावरचा डाग कोणी उघडा ठेवतं का?" माझ्याकडे असं पाहिलं की मी बाई आहे की नाही याचीच तिला शंका आली असावी.

घ्या! म्हणजे वण ठरवून झाकला होता. नियमाच्या हिशेबाने सरळ फसवणूक, आजीच्या हिशेबाने रीतभात. आणि पोरीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीने दोघी मैत्रिणींनी मिळून मेंदी काढून घेतली होती, बस्स.

परत येताना डोक्यात एक गोष्ट आली. चेक-इनला रोज अशी जनावरं येतात की ज्यांच्या अंगाला लेंडीचा, गवताचा, गंजाचा डाग लागलेला असतो. बोळा रंगतो. तेव्हा आम्ही काय करतो? धुऊन आणायला सांगतो. नाही निघाला तर तेवढे केस मशीनने उडवायला सांगतो. केस कापायला नियमात कधीच बंदी नाही. मग पुन्हा बोळा फिरवतो. पांढरा निघाला की आत.

मी हे दोघांसमोर मांडलं. "मेंदी लावलेले सगळे केस काढायचे. खाली जे असेल ते सगळ्यांना दिसेल. पंचांनाही. लपवलेलं काही उरणार नाही. आणि अबू नासर, हा नियम फक्त हिच्यासाठी नाही. आजपासून मुलांच्या गटात सुरमा असो, मेंदी असो, प्रत्येकाला ही एक संधी. सर तसं लिहून देतील."

उस्मान सरांनी माझ्याकडे 'मी?' अशा नजरेने पाहिलं.

अबू नासर विचारात पडले. मग म्हणाले, "ठीक. पण मुलांचा गट आहे. केस तिने स्वतः कापायचे. मोठ्यांनी हात लावायचा नाही."

हेही बरोबरच होतं.

मी हिस्साजवळ गुडघ्यांवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. केस काढले तर कपाळ विद्रूप दिसेल, वण उघडा पडेल, फीत बहुतेक मिळणार नाही. नाही काढले तर आत्ता घरी.

तिने कपाळावरच्या मेंदीवरून बोट फिरवलं. "आजीने इतकी छान काढली होती," ती म्हणाली. मग बाहीने नाक पुसलं आणि विचारलं, "केस काढले तर रिंगमध्ये जाता येईल?"

"बोळा पांढरा निघाला तर जाता येईल."

"मग द्या मशीन."

क्लिपर सुरू झाल्याबरोबर तम्रा बिथरली. गुर्रर्र आवाज, आणि तोही कानाजवळ. एका हातात दोर, एका हातात मशीन, आणि समोर उड्या मारणारं जनावर. या कामाला मलासुद्धा एक माणूस लागतो हो! हिस्साने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तम्रा मागे सरली आणि पोरगी वाळूत बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं. पण हातातला दोर सोडला नव्हता. माझे हात नुसते शिवशिवत होते. आजी कठड्यापलीकडे उभी राहून ओढणीचं टोक दातात धरून होती. आम्ही सगळी मोठी माणसं नियम पाळत ढिम्म उभी. लाज वाटत होती स्वतःची.

तेवढ्यात नासर पुढे आला. स्वतःच्या शेळीचा दोर त्याने खांबाला बांधला, अंगातल्या पायघोळ थोबाची बाही वर केली आणि तम्रापुढे जाऊन उभा राहिला. वडिलांकडे बघितलं नाही. मला विचारलं, "मी धरू शकतो ना? मी स्पर्धक आहे."

"धर की रे राजा!" माझ्या तोंडून चक्क मराठीतच निघालं. पण त्याला कळलं.

त्याने तम्राचं तोंड धरलं. चुकीचं धरलं. ती पुन्हा मान सोडवून घेणार एवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "कान सोड! हनुवटीखाली हात घाल. आणि अंगाला टेकून उभा राहा, घाबरलीय ती."

अबू नासर. चेहरा अजून तसाच कडक. हात पाठीमागे घट्ट बांधलेले, चुकून लागायला नकोत म्हणून.

मग ते जमलं. हिस्सा शेळीच्या कानाशी पुटपुटत होती, "खलास, हबीबती, खलास," म्हणजे झालं गं राणी, झालं, आणि मशीन हळूहळू पुढे नेत होती. केशरी केस वाळूत पडत होते. खालून फिकट कातडी निघाली आणि मधोमध माझ्या टाक्यांची खूण. वेडीवाकडी, उंचवट्याची रेघ. आम्ही साबणाने धुवायला लावलं. मग मी बोळा फिरवला.

पांढरा.

मी तो आधी अबू नासरना दाखवला, मग सरांना. सर म्हणाले, "यल्ला, आत." पोरीला दाखवायची गरजच पडली नाही. ती निघालीसुद्धा होती.

रिंगमध्ये तम्राइतकी विचित्र दिसणारी शेळी दुसरी नव्हती. बाकीच्या रेशमासारख्या विंचरलेल्या, आणि हिचं कपाळ अर्धवट भादरलेलं. हिस्सा मात्र ताठ उभी होती. पंच प्रत्येक मुलाला शेळीबद्दल प्रश्न विचारत होते. तिच्यापाशी येऊन त्यांनी कपाळाकडे बोट दाखवलं. "हे काय झालं?"

"तारेत अडकली होती. लहान असताना," हिस्सा म्हणाली. "दक्तूराने टाके घातले. मी धरून ठेवलं होतं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पण तिला जास्त वाटत होती."

कठड्याशी हिस्साचे वडील येऊन उभे होते. ऑफिसमधून थेट आले होते, गळ्यात आयडी कार्ड तसंच. हे उत्तर त्यांनी ऐकलं. त्यांच्या वडिलांचा इज्बा त्यांनी मोडला होता, त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं मी तोवर समजत होते. मोबाइल खिशात टाकून त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला तेव्हा कळलं की तसं नाही.

फीत मिळाली नाही. नासरची शेळी दुसरी आली. हिस्साला टाळ्या मिळाल्या आणि एक चाऱ्याची पिशवी मिळाली, जी सगळ्यांनाच मिळाली होती. बाहेर आल्यावर ती वडिलांसमोर उभी राहिली. नुसता दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

वडील खाली वाकले, तम्राच्या वणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इज्ब्याचं फाटक दुरुस्त करायला हवं. एकटीसाठी एवढी जागा जास्तच आहे. हिला सोबत बघू एखादी, इन्शाल्ला."

हिस्सा काय ओरडली म्हणता! नासरची शेळी दचकून दोर तोडायला निघाली.

मला रडू आलं. सरळ सांगते, आलं. ॲप्रनच्या चघळलेल्या बंदानेच डोळे पुसले.

पण आजी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. थर्मासच्या पिशवीतून तिने मेंदीचा कोन काढला, कारण तो तिच्याजवळ असणारच. "आता तुझी स्पर्धा संपली ना?" मला विचारलं. मी हो म्हटलं. तिने तिथेच वाळूत बसून तम्राच्या उघड्या कपाळावर, वणाच्या दोन्ही बाजूंनी, बारीक वेल काढायला घेतली. वण मात्र झाकला नाही. मग माझा हात ओढून तळव्यावर एक गोल ठिपका ठेवला. "तू टाके वाकडे घातलेस," म्हणाली, "पण घातलेस."

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये उस्मान सरांनी माझा तळवा पाहिला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, त्या ठिपक्यावर फिरवला आणि उजेडात धरून म्हणाले, "रंग सापडला. डिस्क्वालिफाय."

आता धडा. आमच्या धंद्यात प्रत्येक केसमधून धडा काढावाच लागतो. पुढच्या हंगामाच्या नियमांत 'मेंदी आणि सुरमासुद्धा' असे शब्द वाढले आणि मुलांना केस काढून एक संधी द्यायचं कलमही आलं. दोन्ही गोष्टी आम्हीच सुचवल्या. नियम करताना ज्या घरांत जनावरं आहेत तिथल्या बायकांना आधी विचारून घ्यावं, एवढंच मी शिकले. मोठ्या तोऱ्यात हे आजीला सांगायला गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"चूक माझीच," ती म्हणाली. "आदल्या दिवशी लावायला नको होती. आठवडाभर आधी लावली असती तर केसांत मुरली असती, तुझ्या कापसाला काही लागलं नसतं."